यादी

संघाची यादी लागली की आम्ही आधी नावे मोजतो. हे सुरुवातीलाच कबूल केलेले बरे. गावातला दुसरा क्रिकेटवेडा आधी कप्तान कोण ते पाहतो, तिसऱ्या क्रमांकावर कोण येणार ते पाहतो. आमची नजर यादीवरून एकदा वरून खाली फिरून येते आणि मग आम्ही पुन्हा पहिल्या नावापासून वाचायला लागतो. क्रिकेट असते ते दुसऱ्या वाचनात. पहिल्या वाचनात काय असते ते आम्ही एकमेकांनाही बोलून दाखवत नाही.

आम्ही म्हणजे सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावचे, उर्दू शाळेतले चार शिक्षक, त्याच शाळेतून निवृत्त झालेले हेडसर आणि मशिदीच्या कोपऱ्यावर फळांचा गाडा लावणारे चाचा. असरच्या नमाजनंतर मगरीबपर्यंत चाचांच्या गाड्यामागच्या बाकावर आमची बैठक असते. हंगाम चालू असला की मोबाइलवर स्कोअर बघायचा, हंगाम नसला की वाद घालायचा. खरे तर हंगाम नसतानाच बैठक जास्त रंगते. खेळ चालू असला की धावफलक मध्ये तोंड घालतो. खेळ बंद असला की आम्ही म्हणू तोच संघ आणि आम्ही म्हणू तीच फलंदाजी.

२०२५ चा मे महिना आमच्या आयुष्यातला सर्वांत मोठ्या वादाचा महिना व्हायला हवा होता. शाळेला सुट्टी होती. ७ मेला रोहित शर्माने कसोटीतून निवृत्ती घेतली, १२ मेला विराट कोहलीने. इंग्लंडचा दौरा तोंडावर आलेला आणि संघाची वरची फळी मोकळी. पण त्याच दिवसांत सीमेवर तोफा सुरू झाल्या, आयपीएल आठवडाभर थांबले, आणि तो आठवडा बाकावर क्रिकेट कुणी काढलेच नाही. चाचा गाडा लवकर झाकायचे. आम्हीही मगरीब झाली की इकडेतिकडे न थांबता घरी जायचो. कुणी काही म्हटले नव्हते. तरी जायचो.

२४ मेला यादी आली. अठरा जण, शुभमन गिल कप्तान. मोहम्मद सिराज होता. मोहम्मद शमी नव्हता, त्याच्या तंदुरुस्तीचा प्रश्न होता. सर्फराज खान नव्हता.

आता सर्फराजचा हिशेब आमच्या बाकावर सगळ्यांना तोंडपाठ आहे. २०१९-२० च्या रणजी हंगामात ९२८ धावा, त्यात वानखेडेवर उत्तर प्रदेशविरुद्ध नाबाद ३०१. २०२१-२२ मध्ये ९८२. तरीही भारताकडून खेळायला फेब्रुवारी २०२४ उजाडला. राजकोटला अनिल कुंबळेने टोपी दिली तेव्हा बाप नौशाद खान रडत होता, आणि इकडे गाड्यामागे चाचा मोबाइल पुसायच्या निमित्ताने डोळे पुसत होते. त्या सामन्यात त्याने ६२ आणि नाबाद ६८ केल्या. पहिल्या डावात तर जडेजाच्या घाईपायी धावचीत झाला. चाचांनी जडेजाला अजून माफ केलेले नाही.

मग ऑक्टोबर २०२४, बेंगळुरू. न्यूझीलंडने भारताला ४६ धावांत गुंडाळले, त्यात सर्फराजचे शून्य. दुसऱ्या डावात त्याच्या १५०. उसळत्या चेंडूखाली वाकून तो यष्टिरक्षकाच्या डोक्यावरून टोलवायचा, फिरकीला बसून स्वीप करायचा. त्या दीडशेने आमच्या बाकाचे दोन तुकडे केले ते आजतागायत जुळलेले नाहीत.

एका बाजूला चाचा आणि आमचे सायन्सचे सर. त्यांचे म्हणणे, फलंदाजी अशीच करावी. गोलंदाज जिथे टाकतो तिथेच त्याला मारला तर त्याच्या मनासारखे होते. जिथे क्षेत्ररक्षक नाही तिथे मारणारा खरा हुशार. दुसऱ्या बाजूला हेडसर आणि आमचे पीटीचे सर. हेडसर जुन्या मुंबईच्या खडूस फलंदाजीवर वाढलेले. विकेट फेकायची नाही, पहिला तास गोलंदाजाचा, उरलेला दिवस आपला, हे त्यांचे व्याकरण. ते म्हणाले, "या पोराच्या हातात जादू आहे, पण पाय हलत नाहीत. आडव्या बॅटने रणजीत भागतं, इंग्लंड-ऑस्ट्रेलियात भागणार नाही."

पुढच्या दोन कसोटींनी हेडसरांना बळ दिले. पुण्यात ११ आणि ९, दोन्ही डावांत सँटनरने बाद केला. मुंबईत ० आणि १, दोन्ही डावांत एजाज पटेलने. तो एजाज मुंबईतच जन्मलेला, लहानपणी आईबापांबरोबर न्यूझीलंडला गेलेला. त्याच वानखेडेवर त्याने २०२१ मध्ये एका डावात दहाच्या दहा बळी घेतले होते, या वेळी सामन्यात अकरा घेतले. १४७ धावा करायच्या होत्या, भारत १२१ वर आटोपला आणि घरच्या मैदानावर मालिका तीन-शून्य गेली. त्या संध्याकाळी बाकावर कुणाला काय वाटायला हवे तेच कळेना. सायन्सचे सर म्हणाले की मुंबईत तर सर्फराजला आठव्या क्रमांकावर पाठवला होता, त्याने काय करायचे? हे मात्र खरे होते. हेडसरही गप्प बसले.

नंतर ऑस्ट्रेलिया दौऱ्यात तो सगळ्या सामन्यांना बाहेर बसून राहिला. परत आला, वजन उतरवले, आणि यादीत नाव नाही. सहा कसोटी, ३७१ धावा, सरासरी ३७.१०. निवड समितीचे अध्यक्ष अजित आगरकर यांनी सांगितलेले कारण साधारण असे होते की बेंगळुरूच्या शतकानंतर धावा झाल्या नाहीत, आणि करुण नायरने देशांतर्गत क्रिकेटमध्ये धावांचा ढीग घातला आहे. कारण ऐकून चाचा हसले. "कारण काय, मागितलं की मिळतं. दुकानदार उधारी नाकारताना कारण देतोच की."

आम्ही त्या दिवशी खूप बोललो. पण जे बोलायचे होते ते कुणी बोलेना. शेवटी हेडसरांनीच विषयाला हात घातला. म्हणाले, "तुम्हाला वाटतंय ते मी बोलतो. नावामुळे वगळलं, हेच ना? मग मला सांगा, करुण नायरला कशामुळे वगळलं होतं?"

करुण नायरने डिसेंबर २०१६ मध्ये चेन्नईला इंग्लंडविरुद्ध नाबाद ३०३ केल्या. पुढच्याच कसोटीत तो अकरात नव्हता. त्यानंतर तीन कसोटी खेळला आणि आठ वर्षे बाहेर. कर्नाटकाच्या संघातूनही गेला, मग विदर्भाकडून खेळून पुन्हा उभा राहिला. हेडसर तेवढ्यावर थांबले नाहीत. शेजारच्या कोल्हापूरचे भाऊसाहेब निंबाळकर. १९४८ च्या डिसेंबरात पुण्यात महाराष्ट्राकडून काठेवाडविरुद्ध नाबाद ४४३. ब्रॅडमनचा ४५२ चा विक्रम नऊ धावांवर आला तेव्हा काठेवाडच्या कप्तानाने सामनाच सोडून दिला. निंबाळकर एकही कसोटी खेळले नाहीत. अमोल मुजुमदारने पहिल्याच रणजी सामन्यात २६० केल्या, प्रथम श्रेणीत अकरा हजारांवर धावा केल्या, त्यालाही भारताची टोपी मिळाली नाही. "यांची नावं काय होती?" हेडसरांनी विचारले.

उत्तर कुणाकडे नव्हते. पण त्या रात्री जेवताना, झोपताना आम्हाला ते प्रश्न सुटल्यासारखे वाटले नाहीत. दुसऱ्या दिवशी सायन्सच्या सरांनी जे सांगितले ते आमच्यातल्या प्रत्येकाच्या मनात होते. मुजुमदारला घेतले नाही तेव्हा त्याच्या लोकांना दुःख झाले असेल, राग आला असेल. पण आपल्याला का घेतले नाही याची शंभर कारणे शोधताना एक ठरावीक कारण त्यांना शोधावे लागले नसेल. आम्हाला नुसते दुःख करता येत नाही. त्यात संशय कालवलेला असतो, आणि तो खरा की खोटा हे कधीच सिद्ध होत नाही. खरा ठरला असता तर एक वेळ भांडता आले असते. खोटा ठरला असता तर निवांत स्वीपवर बोलता आले असते.

आणि संशयाचा रस्ता एकतर्फी नाही. २०२१ च्या ऑक्टोबरात दुबईला पाकिस्तानने दहा गडी राखून हरवले तेव्हा अकरा जण हरले होते, शिव्या शमीने खाल्ल्या. कोहली त्याच्या बाजूने उभा राहिला, म्हणून कोहली आमच्या बाकावर खराब फॉर्मातही सुरक्षित असायचा. त्याच शमीने २०२३ च्या विश्वचषकात चोवीस बळी घेतले, वानखेडेवरच्या उपांत्य सामन्यात एकट्याने सात. पुढे मार्च २०२५ मध्ये, रमजानात, दुबईच्या सामन्यात तो मैदानावर काहीतरी प्याला, तर आमच्यातलेच एक मौलाना त्याला गुन्हेगार ठरवायला पुढे आले. म्हणजे हरलो तर ते हिशेब मागणार, पाणी प्यालो तर आपले. आमच्या मशिदीतही त्यावर कुजबुज झाली. चाचांनी एकाच वाक्यात ती संपवली: "मुसाफिराला सवलत आहे, आणि त्यानं माझ्यापेक्षा जास्त रोजे धरले असतील."

हेडसरांचे वडील पेंटँग्युलरच्या गोष्टी सांगायचे. मुंबईत हिंदू, मुस्लिम, पारशी, युरोपियन आणि 'उरलेले' असे संघ असत. सांगलीचे विजय हजारे ख्रिस्ती, म्हणून ते उरलेल्यांत. १९४३ साली अंतिम सामन्यात हिंदूंविरुद्ध उरलेल्यांच्या ३८७ धावा झाल्या, त्यातल्या ३०९ एकट्या हजाऱ्यांच्या. १९४६ मध्ये ती स्पर्धा बंद झाली. बंद झाली ते बरेच झाले. यादीत नावे मोजायची सवय मात्र तेव्हाची असेल काय, असे आम्हाला कधीकधी वाटते.

इथवर आम्ही बाकावरचे प्रेक्षक होतो. ऑगस्टमध्ये आमच्यावरच यादी करायची वेळ आली.

४ ऑगस्टला ओव्हलवर सिराजने ॲटकिन्सनचा त्रिफळा उडवला आणि भारत सहा धावांनी जिंकला. दुपारी साडेतीनला खेळ सुरू झाला आणि तासाभरात संपला. स्टाफरूममध्ये आरडाओरडा झाला, वर्गांतली पोरे खिडकीत आली, आणि त्या दिवशी शेवटचा तास कुणीच घेतला नाही. आदल्या दिवशी ब्रूकचा झेल घेऊन पाय सीमारेषेवर ठेवणारा सिराजच, त्यामुळे सामना गेला असता तर काय काय ऐकावे लागले असते ते सगळ्यांना ठाऊक होते. जल्लोषात त्या सुटकेचाही वाटा होता.

त्याच आठवड्यात शालेय स्पर्धेसाठी सतरा वर्षांखालील संघ निवडायचा होता. सोळा नावे. पीटीचे सर, सायन्सचे सर आणि आम्ही अशी समिती बसली. पंधरा नावे दहा मिनिटांत झाली. सोळाव्या नावाला दोन पोरे होती. एक नववीतला, नदाफाचा. बापाचा गाद्या भरायचा धंदा. पोराने तिन्ही सराव सामन्यांत सर्वांत जास्त धावा केल्या होत्या, पण सगळ्या आडव्या बॅटने, सगळ्या लेगला. ऑफ स्टंपच्या बाहेरचा चेंडूही ओढून लेगला. पॅड एकाच पायाला बांधायचा, कारण शाळेचा दुसरा पॅड फाटलेला. दुसरा पोरगा इनामदारांचा. सांगलीला कोचिंगला जाणारा, स्वतःची किट असलेला, सरळ बॅटने खेळणारा. त्याचे चुलते आमच्या संस्थेच्या कमिटीवर.

पीटीचे सर म्हणाले, मॅटिंगवर लेदर बॉल उसळतो, आडवी बॅट चालणार नाही, तंत्र पाहिजे. हे त्यांचे खरे मत होते. मे महिन्यात सर्फराजबद्दलही ते हेच म्हणाले होते. मग एक वाक्य आले: "कमिटीचं पण बघायला पाहिजे ना." चेष्टेत आले, सगळे हसले, आणि सोळावे नाव लिहून यादी फळ्याशेजारी लागली. ते वाक्य कुणाचे होते ते इथे लिहीत नाही. आम्ही म्हटले की कुणा एकाला जबाब द्यावा लागत नाही, ही या शब्दाची मोठी सोय आहे. म्हणून एवढेच लिहितो की आम्ही बोललो.

दोन दिवसांनी जोहरनंतर पोराचा बाप शाळेत आला. सदऱ्यावर कापसाचे तंतू तसेच. आम्ही "बसा मामू" म्हटले तरी बसला नाही.

"सर, पोराच्या धावा जास्त हुत्या म्हणं."

हो म्हटले.

"मग नाव का न्हाई?"

पीटीच्या सरांनी समजावले. बॅट आडवी येते, लेदर बॉलवर अडचण होईल, लहान आहे, पुढच्या वर्षी नक्की बघू. मामूंनी सगळे ऐकून घेतले. मग आवाज खाली आणून म्हणाले, "आमी पिंजारी म्हणून तर न्हाई न्हवं?"

सायन्सचे सर पटकन म्हणाले, "काय बोलता मामू! आपल्यात कुठं असतं असलं?" आणि बोलता बोलता थांबले. कारण आपल्यात असते. सोयरिकीत असते, दावतीत कोण कुठल्या रांगेत बसतो त्यात असते, मशिदीच्या कमिटीत कुणाची नावे पिढ्यान्‌पिढ्या येतात त्यात असते. सफेत एका रांगेत उभे राहतो आणि सलाम फिरवला की आपापल्या बिरादरीत जातो. मामूंनी ते आयुष्यभर पाहिलेले. आम्ही त्यांना जे कारण दिले ते खोटे नव्हते. पण त्यांच्या चेहऱ्यावर जे उमटले ते आम्ही मे महिन्यात चाचांच्या गाड्यामागे एकमेकांच्या चेहऱ्यावर पाहिले होते.

मामू "बरं, येतो" म्हणून गेले. भांडले असते तर सोपे झाले असते.

संघ पहिला सामना जिंकला, दुसऱ्यात हरला. इनामदारांचा पोरगा दोन्ही सामन्यांत नीट खेळला, हेही सांगायला हवे. आमची निवड चुकली असे धावफलक म्हणत नव्हता. पण मीटिंगमधले ते वाक्य नसते तर आम्ही कुणाचे नाव लिहिले असते, हे आम्हालाच नक्की सांगता येत नव्हते. मामूंना सांगणे तर दूरच. नदाफाचा पोरगा आठवडाभर नेटमागे उभा राहून चेंडू उचलून द्यायचा, नंतर यायचा बंद झाला. कळले की रात्रीच्या टेनिस बॉल स्पर्धांत कुठल्याशा मंडळाकडून खेळतो आणि सामन्याला पैसेही मिळतात.

ऑक्टोबरमध्ये, दिवाळीच्या सुमारास, भारत 'अ' संघाची यादी आली. दक्षिण आफ्रिका 'अ' विरुद्धचे दोन सामने. सर्फराज त्यातही नाही. इतके दिवस जे आम्ही दबक्या आवाजात बोलत होतो ते या वेळी राजकारणातल्या लोकांनी उघड विचारले, आडनावामुळे का म्हणून. लगेच दुसऱ्या बाजूने सिराजचे नाव पुढे करून उत्तर आले. टीव्हीवर दोन दिवस तेच. इंग्लंडमध्ये करुण नायरच्याही चार कसोटींत दोनशेपाच धावाच झाल्या होत्या आणि पुढच्या मालिकेत तोही बाहेर होता, ते कुणी बोलत नव्हते. त्या गोंगाटात स्वीपचा आणि पाय हलण्याचा मूळ मुद्दा हरवला. खुद्द सर्फराजला कुणी काही विचारत होते की नाही, देव जाणे.

चाचा भडकले होते. केळीचा घड कापता कापता एकेकाचा उद्धार चालला होता. मध्येच थांबून म्हणाले, "सर, आज तुम्ही सगळे गप्प का?" हेडसरांना ऑगस्टची हकीकत ठाऊक नव्हती, तेही आमच्याकडे बघायला लागले. आम्ही अजानची वेळ झाली म्हणून उठलो. अजानला अजून दहा मिनिटे होती.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर आम्ही त्या पोराला निरोप धाडला. पोरगा आला, घरच्या चपलांवर. पीटीच्या सरांनी दुसरा पॅड दोरीने शिवून आणला होता, तो बांधला. सायन्सचे सर यष्टीमागे उभे राहिले. पोराला सांगितले, बॅट सरळ ठेवायची, डावा पाय चेंडूच्या रेषेत न्यायचा, लेगला अजिबात मारायचे नाही. मान हलवली त्याने. आम्ही ऑफ स्टंपवर, पुढ्यात टप्पा ठेवून टाकला. पोरगा गुडघ्यावर बसला आणि तो चेंडू त्याने शाळेच्या पाण्याच्या टाकीवर मारला.

"सर, सॉरी," तो म्हणाला. "तिथं कुणीच नव्हतं."

पीटीच्या सरांनी कपाळाला हात लावला. चेंडू टाकीवरून खाली आला, आम्ही तो पुसला आणि पुन्हा तिथेच टाकला.